कागद तीन वर्षांचा, खुबा वीस वर्षांचा

रोवणीचे दिवस होते. त्या दिवसांत अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात भर दुपारी गेलं तर घरात बाई सापडत नाही. सगळ्या बांधीत असतात. चिखलात उभ्या, कमरेत वाकलेल्या, हातात रोपांची जुडी. म्हणून अशा दिवशी ओसरीवर एखादी बाई दिसली की आम्ही कार्यकर्त्या थांबतो. ती बाळंतीण तरी असते, नाहीतर आजारी.

ही आजारी होती. वय चौतीस. घरातल्या एकुलत्या एक प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती आणि सासू खाली जमिनीवर बसून महुआ निवडत होती. सून खुर्चीवर आणि सासू खाली, हे दृश्य आमच्याकडे सहसा दिसत नाही. तिनेच ओशाळून खुलासा केला, "खाली बसाले मनाई आहे ना ताई. खुबा बदलवला आहे."

"कुठल्या कंपनीचा बसवला? काही कार्ड, स्टिकर दिला होता का?"

ती हसली. "आतमंदी का टाकलं, थे मले का मालूम ताई? मी त टेबलावर होती."

हे उत्तर मी त्यानंतर अनेकींकडून ऐकलं आहे. शब्द थोडे वेगळे, अर्थ तोच. माझ्या शरीरात काय बसवलं आहे ते मला माहीत नाही, मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. मैत्रिणींनो, या न कळण्यातून बाईचं काय होतं, आणि ते कुणाच्या सोयीचं असतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी तिची गोष्ट. नाव देत नाही, गावही नाही.

तिला सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या. त्या तुंबल्या की तिथलं हाड मरतं, गोळा चेपतो आणि खुबा निकामी होतो. शहरात खुबा बदलणं हा साठी-सत्तरीचा विषय समजतात. आमच्याकडे तो पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या वाट्याला येतो, आणि याच वयात बाईने रोवणीला, तेंदूपत्त्याला, मोहफुलांना जायचं असतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात तिची शस्त्रक्रिया झाली. एक बांधी गहाण पडली. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग उठताना, पहिली पावलं टाकताना जांघेत कळ यायला लागली. ती गोंदियाला गेली, गोळ्या मिळाल्या. परत गेली, पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा गेली तेव्हा एका डॉक्टरने तिला वजन कमी करायला सांगितलं. बाईचं वजन अडतीस किलो! चौथ्यांदा नवऱ्याला बाजूला घेऊन सांगण्यात आलं की ऑपरेशन चांगलं झालं आहे, बाईने मनाला लावून घेतलं आहे. नवऱ्याने ते घरी येऊन सांगितलं आणि घराने ते मान्य केलं. तीन वर्षं ती 'मनाचं दुखणं' घेऊन लंगडत राहिली. २०२३ मध्ये एक्स-रे झाला तेव्हा कृत्रिम खुब्याची वाटी हाडातून सुटून तिरपी झालेली दिसली.

आता पुन्हा शस्त्रक्रिया. नव्या सर्जनने पहिला प्रश्न विचारला, आधी बसवलेला खुबा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा? प्रश्न अगदी रास्त होता. जुना दांडा हाडात पक्का असेल तर तो तसाच ठेवून फक्त वाटी आणि गोळा बदलता येतो, पण नवा गोळा त्या दांड्यावर बसणारा हवा. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, भाग काढायची अवजारंही वेगळी. मी तिच्या नवऱ्याबरोबर जुन्या दवाखान्यात गेले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथून निघून गेले होते. नोंदींच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "तीन वर्षांपुढचे कागद आम्ही ठेवत नाही." घरच्या पिशवीत बिल होतं, कारण ते सावकाराला दाखवायचं होतं. बिलावर 'इम्प्लांट' असा एक शब्द आणि त्यापुढे रक्कम. बस्स.

शेवटी दुसरी शस्त्रक्रिया झाली ती अंदाजाने. चांगला असलेला दांडाही काढावा लागला, कारण त्याच्याशी जुळणारा गोळा कुठला ते कुणाला सांगता येईना. दांडा काढताना मांडीचं हाड चिरलं. खर्च जवळजवळ दुप्पट झाला आणि दुसरी बांधी गेली. एक स्टिकर असता तर कदाचित यातलं निम्मं टळलं असतं.

त्या खिडकीवरच्या कारकुनावर मी तेव्हा खूप चिडले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो नियमच सांगत होता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. न्यूमोनियाच्या रुग्णासाठी तीन वर्षं पुरतील. खुबा मात्र पंधरा, वीस, पंचवीस वर्षं शरीरात राहावा म्हणून बसवतात. वस्तू वीस वर्षांची आणि तिचा कागद तीन वर्षांचा, हा कुठला हिशेब? आपण बैल विकत घेतला तर त्याची पावती त्याहून जास्त दिवस जपतो.

खुबा बिघडतो कसा, तेही समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकात आपण 'उखळीचा सांधा' शिकलो. कमरेच्या हाडात उखळ आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. कृत्रिम खुब्यात उखळीच्या जागी वाटी बसवतात, वाटीत बहुधा चिवट प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा फिरतो, आणि गोळा ज्या दांड्यावर बसतो तो मांडीच्या हाडात खोल ठोकलेला असतो. पावलागणिक ही यंत्रणा घासते. अस्तर झिजतं. झिजेची भुकटी भोवती साचते, शरीर तिच्याशी झगडायला जातं आणि त्या झगड्यात स्वतःचंच हाड खातं. मग वाटी किंवा दांडा सैल होतो. कधी गोळा वाटीतून निसटतो. कधी दांड्याभोवतीचं हाड फुटतं. क्वचित धातूच थकून मोडतो. सिकलसेलच्या बाईचं हाड आधीच आजारी असतं, म्हणून तिच्या बाबतीत खुबा सैल होण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त.

यंत्र आहे तर ते बिघडणार, हे मला मान्य आहे. आधुनिक खुब्याचे जनक मानले जाणारे इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनीही सुरुवातीला टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या आणि त्या थोड्याच वर्षांत झिजून गेल्या. १९६२ पासून ते पॉलिथिलीनकडे वळले. त्यांची चूक त्यांना कळली, कारण त्यांचे रुग्ण त्यांच्याकडे परत येत होते आणि ते प्रत्येकाचा खुबा पाहत होते. चूक झाली तरी ती नोंदली गेली की सुधारते. नोंदलीच गेली नाही तर ती पुढच्या बाईच्या हाडात जाऊन बसते.

नोंद नसली की काय होतं, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईत घडलं आहे.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने 'एएसआर' नावाचा खुबा २००३ पासून बाजारात आणला. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची, कोबाल्ट-क्रोमियमची. वाटी नेहमीपेक्षा उथळ होती. त्यामुळे गोळा वाटीच्या कडेवर घासायचा आणि धातूचे कण भोवतालच्या मांसात आणि रक्तात उतरायचे. मांस मरायचं, हाड पोखरायचं. जगभरात सुमारे ९३,००० लोकांना हे खुबे बसवले गेले. त्यातले सुमारे ४,७०० भारतातले.

आता तारखा बघा. डिसेंबर २००९ मध्ये हा खुबा ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून मागे घेतला गेला. तिथे १९९९ पासून सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यात बिघाडाचे आकडे दिसायला लागले होते. ब्रिटनमध्ये अशी नोंदवही २००३ पासून आहे. तिच्या आकड्यांनुसार पाच वर्षांत एएसआरच्या एका प्रकारात १२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारात १३ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली होती. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून माल परत बोलावला. पुढे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या खटल्यात उघड झालं की कंपनीच्या स्वतःच्याच २०११ मधल्या अंतर्गत अंदाजानुसार पाच वर्षांच्या आत सुमारे ३७ टक्के खुबे निकामी होणार होते.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, २०११ मध्ये माहीम पोलीस ठाण्यात कंपनीविरुद्ध गुन्हा दाखल केला. या प्रकरणात सरकारी खुर्चीवरून वेळेवर काही केलं गेलं असेल तर ते एवढंच, म्हणून त्याची नोंद करते. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी देशभरासाठी इशारा काढला तो डिसेंबर २०१३ मध्ये. म्हणजे माल परत बोलावल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने! त्याच्या आदल्याच महिन्यात कंपनीने अमेरिकेत सुमारे ८,००० रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड जाहीर केली होती. आपल्या केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१८ मध्ये आला आणि लोकांसमोर यायला आणखी अर्धं वर्ष गेलं. किमान वीस लाख रुपये भरपाई द्यावी असं समितीने म्हटलं. पुढच्या समितीने वय आणि अपंगत्व पाहून ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचं सूत्र ठरवलं. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये ती तिथे म्हणाली की पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायला ती तयार आहे.

सदुसष्ट! बसवले सुमारे ४,७००. मग बाकीचे कुठे गेले? समितीच्या अहवालातच उत्तर आहे. कंपनीच्या हेल्पलाइनवर हजारभर लोकांची नोंद झाली आणि साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. ते काही परदेशी निघून गेले नव्हते. ते आपापल्या घरात होते, लंगडत होते, दुखण्याच्या गोळ्या खात होते. त्यांना कुणी शोधलं नाही. सापडला नाही त्याला भरपाई नाही, आणि त्याचा खुबा बिघडला तरी कंपनीच्या आकड्यात तो बिघाड धरला जात नाही. नोंद ठेवली नाही की गुन्हाही आपोआप लहान होतो. म्हणून मी म्हणते की ही नोंद नसणं म्हणजे निव्वळ गलथानपणा नाही. त्यात कुणाचा तरी नफा आहे.

हेल्पलाइन म्हणजे रुग्णाने फोन करायचा. त्यासाठी आपल्याला काय बसवलं आहे हे त्याला आधी माहीत हवं, बातमी त्याच्यापर्यंत पोचायला हवी, आणि हातात कागद हवा. आमच्या ओसरीवरच्या त्या बाईने कुठल्या आधारावर फोन करावा? तिचा खुबा एएसआर नव्हता, एवढं वर्षावरून म्हणता येतं. पण उद्या दुसरी कुठली कंपनी दुसरा कुठला खुबा परत बोलावेल, तेव्हा ती यादीत आहे की नाही हे कुणाला सांगता येईल? ४,७०० मधले बहुतेक लोक मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत गेलेले. तेच हरवले, तर अर्जुनी मोरगावहून बस-गाडी बदलत नागपूर गाठणारी बाई कुठे सापडणार?

कुणी म्हणेल, हा रुग्णहक्काचा प्रश्न झाला, यात स्त्रियांचा म्हणून वेगळा प्रश्न कुठे आला? आला आहे, आणि आकड्यांत आला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ३५,००० हून अधिक खुबे पाहिले गेले. वय, वजन, खुब्याचा प्रकार या सगळ्याचा हिशेब करूनही बायकांचा खुबा निकामी होण्याचा धोका पुरुषांपेक्षा २९ टक्क्यांनी जास्त निघाला. धातूवर धातू घासणाऱ्या 'रिसर्फेसिंग' प्रकारच्या खुब्यांत तर हे आणखी स्पष्ट होतं. गोळा जितका लहान तितका बिघाड जास्त, आणि लहान माप लागतं ते मुख्यतः बायकांना. स्मिथ अँड नेफ्यू या कंपनीने आपल्या 'बर्मिंगहॅम' खुब्याची लहान मापं २०१५ मध्ये बाजारातून काढून घेतली आणि हा खुबा बायकांना बसवू नये असं जाहीर केलं. हा खुबा वापरात होता १९९७ पासून. म्हणजे अठरा वर्षं बायकांच्या शरीरात बसवल्यानंतर कळलं की तो बायकांसाठी नाही! पुरुषाचं शरीर नमुना म्हणून धरायचं आणि बाईला त्याचं लहान माप द्यायचं, ही जुनीच रीत आहे.

त्यात भर म्हणजे बाईचं दुखणं. आपल्या समाजात बाईला दुखणं हे बातमी नसते. पाळीत दुखतं, बाळंतपणात दुखतं, कंबर दुखते, पाय दुखतात. "बाईच्या जातीला हे चालायचंच." त्यामुळे खुबा सैल झाल्याची पहिली खूण, उठताना जांघेत येणारी कळ, ती सांगते तेव्हा कुणाला ऐकूच जात नाही. पुरुष लंगडला तर मजुरी बुडते, म्हणून घर धावतं. बाई लंगडली तरी चूल पेटतेच. ती लंगडत पेटवते.

शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या सूचना एकदा वाचून पाहा. उकिडवं बसू नका, मांडी घालू नका, जमिनीवरून वस्तू उचलू नका, कमोडचा वापर करा. या सूचना कोणत्या घरासाठी लिहिल्या आहेत? आमच्या घरांत चूल जमिनीवर, भांडी जमिनीवर, बाळ जमिनीवर, संडास भारतीय पद्धतीचा. रोवणी तर नखशिखान्त वाकूनच होते. "तिने पथ्य पाळलं नाही," असं नंतर सहज म्हणता येतं. पथ्य पाळता येईल असं जगणं तिला कुणी दिलं होतं?

हा प्रकार आपल्या चळवळीला नवा नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ मध्ये स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा प्रश्न हाच होता. बाईला काय टोचलं जातं आहे ते तिला सांगितलं का, आणि नंतर तिचं काय झालं ते कुणी पाहिलं का? पुढे दंडात बसवायच्या नॉरप्लांटबद्दल आपण तेच विचारलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात डाल्कन शील्ड नावाच्या तांबीसारख्या साधनाने हजारो बायकांना गर्भाशयाच्या जंतुसंसर्गाने ग्रासलं. त्या गदारोळातून तिथे १९७६ चा वैद्यकीय उपकरणांचा कायदा आला. पण त्या कायद्यातच एक पळवाट राहिली. नवं उपकरण बाजारात असलेल्या जुन्या उपकरणासारखंच आहे असं दाखवलं की माणसांवर चाचणी न करता परवानगी मिळते. एएसआरचा एक प्रकार अमेरिकेत २००५ मध्ये याच पळवाटेने आत आला. बायकांच्या शरीराची किंमत मोजून मिळालेला कायदा आणि त्याच्याच भोकातून आलेला खुबा. म्हणून कायदा झाला की काम संपलं असं आपण कधी समजू नये.

आता माझे डॉक्टर मित्र काय म्हणतात तेही प्रामाणिकपणे सांगते. ते म्हणतात, "असं लिहून तुम्ही बायकांना घाबरवता. आधीच त्या ऑपरेशनला येत नाहीत." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खुबा बदलणं हे एक वरदानच आहे. अंथरुणाला खिळलेली बाई चालायला लागते हे मीही पाहिलं आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे ५८ खुबे पंचवीस वर्षं टिकतात. हा आकडा मी आमच्या बैठकांत मुद्दाम सांगते. पण तो आला कुठून? फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदवहीतून. स्वीडनने खुब्यांची नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ज्याला वाटेल तो नोंदवेल. ज्याचे खुबे जास्त बिघडतात त्याला नोंदवावंसं वाटेल का? त्यामुळे 'घाबरू नका' हे सांगायलाही आपल्याला परक्या बायकांच्या नोंदी उसन्या घ्याव्या लागतात. आमच्या भागातल्या सिकलसेलच्या, अडतीस किलोच्या, रोवणी करणाऱ्या बाईचा खुबा किती टिकतो, हे फिनलंडची नोंदवही कशी सांगणार?

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत आजार संपवायचा. चांगलं आहे. पण तपासणीत आज ज्या मुली सापडतील त्यांच्यातल्या काहींचे खुबे उद्या बदलावे लागणार आहेत. त्यांना आपण पिवळं कार्ड देतो, लाल कार्ड देतो. मग शरीरात काय बसवलं त्याचं कार्ड द्यायला कुणाचा हात धरला आहे?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

एक, शरीरात कायम राहणारी वस्तू बसवली की तिचं कार्ड रुग्णाच्या हातात दिलंच पाहिजे. त्यावर कंपनीचं नाव, वस्तूचं नाव, माप आणि लॉट क्रमांक हवा. ते मराठीत, तिला वाचता येईल किंवा कुणाकडून वाचून घेता येईल असं असावं, आणि कार्डावर नाव तिचं असावं, 'अमुकची पत्नी' असं नव्हे. युरोपात असं कार्ड देणं कायद्याने बंधनकारक आहे.

दोन, अशा शस्त्रक्रियांचे कागद तीन वर्षांनी फेकता येणार नाहीत. रुग्ण जिवंत असेपर्यंत ते जपले पाहिजेत.

तीन, सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही सक्तीची करा. सरकारी योजनेचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला तर नोंद केल्याशिवाय बिलच मिळू नये. पैशाची गाठ घातली की नोंद होते, हे आपल्याला जननी सुरक्षेच्या अनुभवावरून माहीत आहे.

चार, माल परत बोलावला गेला तर रुग्णाला शोधण्याची जबाबदारी कंपनीची आणि सरकारची. हेल्पलाइन लावून हात झटकायचे नाहीत. पोलिओचा डोस घेऊन आरोग्यसेविका आणि आशा शेवटच्या घरापर्यंत पोचल्या. त्यांच्या हातात यादी दिली आणि कामाचे पैसे दिले तर त्या हेही करतील.

पाच, भरपाईचा हक्क कायद्यातच लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आली आहे. पण गोंदियाच्या ग्राहक आयोगात बहुराष्ट्रीय कंपनीच्या वकिलापुढे लंगडत उभं राहणं हा काही एकट्या बाईने पेलायचा भार नव्हे.

या मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर आपण काय करायचं?

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला 'फॉलो-अप' हा शब्द पहिल्या वर्षातच शिकवला होता. केस घेतली की परत जायचं, पुन्हा भेटायचं, लिहून ठेवायचं. एवढ्यावर आम्हाला मार्क मिळायचे. ते आम्ही आता इथे करतो आहोत. आमच्या गटाने एक साधी वही घातली आहे. तालुक्यात खुबा किंवा गुडघा बदललेली बाई भेटली की तिची नोंद त्यात होते. आतापर्यंत सात जणी सापडल्या. दोघींच्याच कागदांत स्टिकर निघाला. एकीचा डिस्चार्ज कार्डाच्या मागे चिकटवलेला होता आणि इतकी वर्षं घरात कुणालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. आम्ही त्याचा फोटो काढला, झेरॉक्स केली, एक प्रत तिच्या ट्रंकेत ठेवली आणि एक आमच्याकडे. तिघींच्या रुग्णालयांना आम्ही अर्ज दिले. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं त्याच २००२ च्या आचारसंहितेत लिहिलं आहे. एका ठिकाणी आम्ही तो नियम छापून नेला तेव्हाच कागद मिळाला. तीन वर्षं व्हायला दोन महिने उरले होते.

तुमच्या गावात, वस्तीत, तुमच्या स्वतःच्या घरात अशी बाई असेल. आई असेल, आत्या असेल. तिच्याकडे बसा. तिचे कागद बाहेर काढा. स्टिकर असेल तर त्याचा फोटो काढून घ्या, नसेल तर आजच रुग्णालयाला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर भूल देण्याआधीच सांगून ठेवा की स्टिकर आम्हाला हवा. आणि तिने सांगितलं की उठताना जांघेत कळ येते, पाय आखूड वाटतो, आत काहीतरी कटकट वाजतं, तर तिला बाम लावून देऊ नका. एक्स-रे काढायला लावा. एकदा नाही म्हणाले तर परत जा.

ओसरीवरची ती बाई आता आमच्या महिन्याच्या बैठकीला येते. कुबडी घेऊन, ऑटोने. तिची खुर्ची आम्ही आधीच मांडून ठेवतो. तिच्या दुसऱ्या खुब्याचं कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाजवळ ठेवलं आहे. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्यावरचा लॉट क्रमांक तिला तोंडपाठ आहे. बैठकीला नवी बाई आली की ती तिला पहिल्यांदा तिच्या दुखण्याविषयी नाही, कागदाविषयी विचारते.